मृगाआधी तळ्याची पहिली नोंद करा

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी. या पट्ट्यात राहणाऱ्या सर्वांना, घरात मराठी बोलत असा, कन्नड बोलत असा की दखनी, हे कळकळीचं आवाहन आहे. तुमच्या गावाजवळच्या तळ्याचं पाणी मोजायला सुरुवात करा. आणि पहिली मोजणी मृगाचा पाऊस येण्याआधी करा.

मृगाआधीच का, ते आधी सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यात पाणी सर्वांत कमी असतं, म्हणून त्यात साठलेलं सगळं दाट झालेलं असतं. तळ्याचं स्वतःचं दुखणं काय आहे, ते याच दिवसांत कळतं. पहिला मोठा पाऊस झाला की गटारं, उकिरडे आणि खत टाकलेली शेतं धुऊन तो सारा मळ तळ्यात उतरतो. मग तळ्यातलं किती आणि बाहेरून आलेलं किती, हा हिशेब लागत नाही. त्यासाठी थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

मासे मरण्याचा धोकाही याच दिवसांत मोठा असतो. दिवसा ऊन असतं तोवर पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडत असतं. रात्री तेच शेवाळ, तळातला कुजका गाळ आणि मासे, सगळेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे, दिवस उगवायच्या आधी, पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. वर चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि पावसाच्या लोंढ्याने तळाचा गाळ ढवळला, की उरलासुरला प्राणवायूही संपतो. अशा पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकत फिरतात. जाळं टाकणाऱ्या भोयांना आणि कोळ्यांना ही खूण पक्की ठाऊक असते. सकाळी पांढरी पोटं वर करून मासे काठाला लागले की गावात बोलणं सुरू होतं, कुणीतरी विष टाकलं. एखाद्यावर संशय जातो, भांडणं होतात. खरं कारण बहुतेक वेळा सांडपाण्यावर माजलेलं शेवाळ असतं. पण आदल्या आठवड्याचा आकडा कुणाकडेच नसतो, मग ते सिद्ध कसं करायचं?

तळी मोजली जात नाहीत असं नाही. देशातल्या जलाशयांची पहिली गणना 2023 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात 24 लाखांहून अधिक तळी, तलाव, टाक्या नोंदल्या गेल्या. मालकी कुणाची, वापर कशासाठी, अतिक्रमण आहे का, हे त्यात आहे. 24 एप्रिल 2022 ला अमृत सरोवर मोहीम सुरू झाली. दर जिल्ह्यात 75 तळी, प्रत्येक किमान एक एकराचं, दहा हजार घनमीटर पाणी मावेल असं. ही कामं मोलाची आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पाणी किती मावतं हे लिहून ठेवायचं आणि ते कसं आहे हे लिहायचं नाही, हे कसं चालेल? बिदरचं पापनाश तळं घ्या, बसवकल्याणचं त्रिपुरांत तळं घ्या, कलबुर्गीत शरणबसवेश्वर मंदिराजवळचं अप्पांचं तळं घ्या. दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळी घेतलेली मोजणी काठावर फिरायला येणाऱ्या माणसाला वाचता येईल अशी लावलेली असली पाहिजे.

आपल्या भागाला हे आणखी एका कारणाने लागू आहे. बिदर शहर जांभा दगडाच्या पठारावर आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या काळ्या पाषाणावर येऊन अडतं. बहामनी काळात नौबादजवळ करेझ, म्हणजे आपली सुरंग बावी, खोदली गेली ती याच गुणाच्या बळावर. जमिनीखालच्या बोगद्यातून त्या काळी वस्तीला पाणी मिळत होतं. आता त्याच दगडाची दुसरी बाजू पाहा. वर तळ्यात जे मुरतं ते खालच्या विहिरीत आणि बोअरमध्ये पोचायला फार अडथळा नाही. त्यामुळे पठारावरचं तळं नासलं म्हणजे फक्त तळं नासलं, असं समजू नका.

कलबुर्गी जिल्ह्याची गोष्ट वेगळी. आळंदकडे काळी माती आणि काळा पाषाण, सेडम-चितापूर-शहाबादकडे चुनखडीची फरशी. तिथलं पाणी मुळातच जड असतं. जांभ्यावरचं तळं आणि चुनखडीवरचं तळं एकाच मापाने जोखता येत नाही. प्रत्येक तळ्याची स्वतःची नेहमीची तब्येत ठाऊक हवी, तरच बिघाड लक्षात येतो. म्हणून नोंद प्रत्येक गावाने आपापली ठेवायची आहे. दुसऱ्या गावाची उसनी घेऊन भागणार नाही.

आता मोजायचं काय, ते सांगतो.

सर्वांत महत्त्वाचा विरघळलेला प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग ठरवले आहेत. मासे आणि वन्यजीव जगण्यासाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. उघड्यावर आंघोळीसाठी किमान 5 हवा, आणि त्याबरोबर जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे कॉलेजात ज्याला बीओडी म्हणतात ती, 3 पेक्षा जास्त नको. आम्ल-अल्कपणाचा अंक, म्हणजे पीएच, 6.5 ते 8.5 मध्ये असावा. एवढे चार आकडे तळ्याच्या पाटीवर लिहिले तरी लोकांना पाणी वाचता येईल.

प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत 1888 पासून चालत आली आहे आणि आपल्याकडच्या विज्ञान महाविद्यालयांत ती शिकवली जाते. काचेची बुच असलेली बाटली पाण्याखाली धरून भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये. त्यात काठावरच दोन रसायनं घालतात आणि बाटली उलटसुलट करतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. साका पांढराच राहिला तर प्राणवायू जवळजवळ नाहीच. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत निघतो, पण तो पांढरा साका काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतो. सरपंचांना बोलवा, नगरसेवकांना बोलवा, त्यांच्यासमोर हा प्रयोग करा. रसायनं मात्र शिक्षकांच्याच हातात राहू द्या, त्यातलं एक कातडी भाजणारं असतं. आणि बाटली दिवस उगवतानाच भरा. दुपारी बारा वाजता हिरव्यागार, आजारी तळ्यातही प्राणवायू भरपूर दिसतो आणि कागदावर सगळं उत्तम निघतं. शक्य असेल तर पहाट आणि दुपार असे दोन्ही आकडे घ्या. दोघांतलं अंतर जितकं मोठं, तितका शेवाळाचा माज मोठा.

दुसरी मोजणी शाळेतली मुलंही करू शकतात. वीस सेंटिमीटरची पत्र्याची तबकडी घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन आणि मधोमध दोर बांधा, दोरावर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. तबकडी पाण्यात सोडत जायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये समुद्रात वापरलेलं हे साधन आजही जगभरच्या तलावांवर चालतं. मुलांना एकटं पाण्याजवळ पाठवू नका. बांधावरून किंवा भोयांच्या होडीतून, मोठ्या माणसाबरोबरच हे काम करायचं.

तिसरी मोजणी डोळ्यांची. काठचा दगड उलटून पाहा. चतुराच्या अळ्या असतील तर बरं लक्षण. नुसते लालभडक किडे गाळात वळवळत असतील तर प्राणवायू कमी आहे, कारण ते अशा गाळातही तग धरतात. पाण्यावर टिबुकली आणि वारकरी पोहतात का, हळदी-कुंकू बदकं उतरतात का, ते मोजा. जलपर्णीने किती पाणी झाकलं ते दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढून ठेवा. आणि काठाचं गवत पाहा. गवत कापून दोर वळणारे शरण नुलिय चंदय्या बसवकल्याणच्या परिसरात आजही आठवले जातात. सुशोभीकरणात पहिला घाव याच गवतावर पडतो, सगळीकडे दगडी पिचिंग होतं. वरून वाहत येणारा मळ अडवणारी चाळणीच आपण काढून टाकतो. काठ कितपत हिरवा उरला, ही ओळ नोंदवहीत हवीच.

कुणी करायचं? जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण मिळालं आहे, संच पंचायतीत आहेत. ते पिण्याच्या पाण्यासाठी आहेत हे खरं, पण पीएच आणि नायट्रेट तळ्याचंही त्यातून कळतं. त्या बायांना मान देऊन पुढे करा. बिदर, भालकी, बसवकल्याण, कलबुर्गी इथल्या महाविद्यालयांच्या रसायन, प्राणी आणि वनस्पती विभागांनी एकेक तळं दत्तक घ्यावं. प्रकल्पाच्या वहीत दरवर्षी तेच ते लिहून घेण्यापेक्षा मुलांना हे काम द्या. भोई आणि परीट यांना मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. पाण्याचा वास कधी बदलला, कोणता मासा कधीपासून जाळ्यात येईना, हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही. ते बोलतील तसं, त्यांच्या भाषेत, लिहून घ्या.

मोजल्याने काय होतं, असं विचारणारे भेटतील. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर्कांना ऊत आला होता. नमुने तपासले गेले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण पुढे आलं, तेव्हाच चर्चा मार्गावर आली. तक्रारीचंही तसंच आहे. ‘पाण्याला वास येतो’ असा अर्ज सहज बाजूला ठेवता येतो. ‘अमुक नाल्याच्या तोंडाशी सलग तीन महिने पहाटेचा प्राणवायू 2 च्या खाली’ असा अर्ज, सोबत तारखा आणि फोटो, बाजूला ठेवणं अवघड जातं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं बिदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे आहेत. पाणथळ जागांसाठी 2017 चे नियम आहेत, तळ्यांसाठी राज्याचा 2014 चा कायदा आहे. कायद्याला धरून बोलायचं तर हातात आकडा हवा.

जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नगरपालिकांकडेही मागणी आहे. तळ्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पाणी तपासणीसाठी रक्कम ठेवा, काम सुरू होण्याआधीची आणि झाल्यानंतरची तपासणी सक्तीची करा, आणि निकाल कन्नड, मराठी, उर्दूत तळ्यावरच लावा. नाल्याचं तोंड वळवल्याशिवाय कारंजी बसवू नका.

2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाहुण्यारावळ्यांच्या घरचे ते हाल आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत. मांजरा आणि कारंजा आटल्या की आपल्याही नजरा गावतळ्याकडेच वळणार. त्या दिवशी ते पाणी जनावरांना तरी पाजता येईल का, याचं उत्तर आज तयार करायचं आहे.

तेव्हा या रविवारी चार घरांनी एकत्र या. एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर तळ्याचं नाव, तालुका, कोणते नाले कुठून येऊन मिळतात त्याचा हाती काढलेला नकाशा. दुसऱ्या पानावर तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, तबकडी किती खोल दिसली, पाण्याचा रंग, वास, पक्षी, मेलेले मासे, आणि मोजणाऱ्यांची नावं. महाविद्यालयाची मदत मिळाली नाही म्हणून थांबू नका, प्राणवायूचा रकाना तूर्त रिकामा ठेवा. वही पंचायतीत किंवा शाळेत ठेवा, आणि दर महिन्याला प्रत्येक पानाचा फोटो काढून तीन माणसांच्या फोनमध्ये साठवा. ग्रामसभा भरेल तेव्हा ती उघडून मोठ्याने वाचा आणि वाचल्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात घालायला लावा.