दोन उन्हं

वाळवण म्हटले की शहरातल्या गृहिणीच्या डोळ्यांपुढे चैत्र-वैशाखातली गच्ची उभी राहते. पापड, कुरडया, सांडगे, आणि कावळे हाकायला बसवलेले घरातले शेंडेफळ! ते बिघडले तर फार तर पानाची डावी बाजू सुनी पडते. शेतकऱ्याचे खरे वाळवण मात्र आश्विनातले. ते बिघडले तर वर्षाचे गणितच बिघडते.

इंदापूर तालुक्यातल्या कळंबला माझ्या एका विद्यार्थ्याचे घर आहे. वालचंदनगरच्या शेजारचे, नीरेच्या खोऱ्यातले हे गाव. हा सारा उसाचा मुलूख; तरी बाजरी आणि मका तिथून अजून हटलेली नाहीत. मी गेलो तेव्हा डांबरी सडकेच्या एका अंगाला दगडांची रांग मांडून त्याआड मका पसरला होता आणि मोटारसायकलवाले त्याला वळसा घालून कुरकुरत चालले होते.

"खळे कुठे गेले, आजी?" मी विचारले.

"खळ्यावर आता ऊस हाय, मास्तर!"

वाचकहो, आपल्या मुलांना खळे ठाऊक नाही. जमीन चोपून, शेणाने सारवून, मधोमध मेढ रोवीत. तिच्याभोवती बैलांची पात फिरे. मग वाऱ्यावर उपणणी. शब्द थेट संस्कृत 'खल'पासूनचा. एकदम झेपावून खळ्यावर उतरणाऱ्या कबुतरांवरून पंडितांनी 'खलेकपोतन्याय'सुद्धा रचला. आणि गंमत अशी, की चंद्राभोवती दिसणाऱ्या कड्यालाही मराठी माणूस खळेच म्हणतो, ते पडले की पाऊस येणार असे समजतो. म्हणजे आकाशातले खळे जमिनीवरच्या खळ्याचे वैरी! (मास्तरकीची खोड, शब्द दिसला की उलटून पाहावासा वाटतो.)

तुम्ही म्हणाल, आता मळणीयंत्रे आली, मग काळजी कसली? मळणी तासाभरात होते हे खरे. पण वाळणे यंत्राने झाले नाही. मका काढताना दाण्यात शेकडा वीस-पंचवीस भाग पाणी असते. पोत्यात भरायचा तर ते 12 च्या आसपास यावे लागते. ओल राहिली तर थप्पीतला दाणा तापतो, बुरशी धरतो. त्या बुरशीतून निघणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक, आणि भाकरी भाजून ते जात नाही.

पूर्वी बाजरीची कणसे पेंढ्यांसकट रचून ठेवीत. गंज नीट रचली की वरचा पाऊस बाहेरून ओघळून जाई. मळणीला सवड सापडे. आता यंत्र दारात येते त्या दिवशी मळायचे, दिवाळीच्या आत विकायचे. त्या घाईत ऊन तेवढे वेळेवर मिळाले पाहिजे.

ते 2020 साली मिळाले नाही. 14 ऑक्टोबरला, ऐन चित्रा नक्षत्रात, बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने सोलापूर, इंदापूर, बारामती झोडपून काढली. त्या साली लक्ष्मीपूजन होते बरोबर एका महिन्याने, 14 नोव्हेंबरला. या घरची कणसे उघड्यावर होती. रात्री कंदील, ताडपत्री, पोरेबाळे, सगळे धावले, निम्मे वाचले. उरलेल्याला चार दिवसांत मोड आले. "जनावरांनी पण तोंड लावलं न्हाई," आजी म्हणाल्या. त्या वर्षी करंज्या झाल्या, नातवंडांचे कपडे झाले नाहीत.

चीनच्या ग्वीचौ प्रांतातले म्याव लोक डोंगरउतारावर राहतात. सपाट जागेची टंचाई. म्हणून मक्याची कणसे नि मिरच्या लाकडी घरांच्या वळचणीला टांगतात. आता तो शरदातला थाट पाहायला प्रवासी जातात. आमच्या सडकेवरचा मका पाहायला कोण जाणार? पण वळचणीची युक्ती मला पटली. मी ती आजींना सांगितली. त्या म्हणाल्या, "पत्र्याच्या घराला वळचण कुठली वो?"

मग त्यांनी माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले. "दातानं फोडा. कट्टदिशी वाजला तर वाळला. दबला तर अजून दोन उन्हं पायजेत." दिवस नव्हे, तास नव्हे, उन्हं!

माझा दाणा दबला. नातू मात्र भाव चांगला आहे म्हणून निकडीला आलेला. त्याने ट्रॉली भरून नेलीच. अडत्याच्या ओलमापकाने 16 दाखवले. क्विंटलमागे कापायचा आकडा ऐकून त्याने ट्रॉली तशीच वळवली. संध्याकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. ओट्यावरून त्यांनी आधी आभाळाकडे पाहिले, मग ताडपत्री आणायला सांगितली.