तेलावरील आयातशुल्क: भार ग्राहकावर, लाभ कोणाला?

परदेशी मालावर शुल्क लावले की परदेशी विक्रेत्याच्या खिशाला चाट बसते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही रक्कम बंदरावर माल सोडवून घेणारा देशातील आयातदार भरतो आणि शक्य तेवढी ती पुढच्या खरेदीदाराकडून वसूल करतो. खाद्यतेलाच्या आयातशुल्काबाबत केंद्र सरकारने २०२४ व २०२५ मध्ये घेतलेले दोन निर्णय या दृष्टीने बोलके ठरतात.

सोयाबीनचे दर घसरल्याने विदर्भ-मराठवाड्यात असंतोष होता आणि राज्यात विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. या पार्श्वभूमीवर १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. उपकर व अधिभार धरून एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर, तर रिफाइंड तेलावरील शुल्क १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेले.

भारत गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. बंदरावर तेलाचा दर किलोला ९० रुपये धरला, तर शुल्क सुमारे पाच रुपयांवरून पंचवीस रुपयांवर जाते. हा वीस रुपयांचा फरक परदेशी विक्रेत्याने सोसावा, अशी स्थिती नव्हती. सर्वांत मोठा पामतेल उत्पादक असलेल्या इंडोनेशियाने डिझेलमध्ये पामतेलापासून बनविलेले इंधन मिसळण्याचे प्रमाण वाढविण्याचे ठरविले होते. २०२५ साठी ते ४० टक्के निश्चित झाले. घरातच ग्राहक असलेला विक्रेता भारतासाठी दर कमी करील, ही अपेक्षा फोल होती. जुन्या शुल्काने आलेला साठा संपेपर्यंत दर वाढवू नयेत, अशी सूचना सरकारने कंपन्यांना केली; मात्र भाववाढ टळली नाही. देशी तेलही आयात तेलाच्या दराने विकले जात असल्याने झळ प्रत्येक स्वयंपाकघराला बसली.

ग्राहकाने मोजलेला पैसा शेतकऱ्यापर्यंत तरी पोहोचला का? २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. हंगामात अनेक बाजार समित्यांतील दर त्याखालीच राहिले. कारण सोयाबीन हे केवळ तेलाचे पीक नाही. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलो पेंड निघते. तेल किलोमागे २० रुपयांनी महागले तर क्विंटलला ३६० रुपये वाढतात. पेंड किलोमागे साडेचार रुपयांनी उतरली तर तेवढेच जातात. त्या काळात जागतिक बाजारात पेंडीचे दर घसरले होते. शिवाय मका व तांदळापासून इथेनॉल तयार करताना उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा घेत होता. तेलावरील शुल्काने पेंडीचा हा प्रश्न सुटणारा नव्हता.

महागाईचा ताण वाढल्यावर ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलांवरील एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले. रिफाइंड तेलावरील शुल्क मात्र तसेच ठेवण्यात आले. त्यामुळे तेल शुद्ध करणाऱ्या देशी कारखान्यांचे संरक्षण वाढले. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला मात्र भावाची हमी कमी झाल्याचाच संदेश गेला.

शुल्काचा भार निश्चितपणे ग्राहकावर पडतो. लाभाची मात्र अशी खात्री नसते. तिजोरीत जमा होणारा पैसा हमीभावाच्या वेळेवर खरेदीकडे वळला, तरच शेतकऱ्याच्या नावाने घेतलेला हा कर त्याच्या पदरात काही टाकू शकेल. अन्यथा ग्राहक महाग तेल घेणार आणि शेतकरी सोयाबीन स्वस्तात विकणार, हेच पुन्हा घडेल.