आडनाव नको, कॉलसाइन सांगा



आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की मुलांचा अभ्यासवर्ग बसतो. दोन महिन्यांपूर्वी आयटीआयला जाणाऱ्या एका मुलाने त्या वर्गात मोबाइलवर एक व्हिडिओ दाखविला. टेबलावर एटीएम कार्डाएवढी हिरवी पट्टी, तिला दोन-तीन वायरी, बाजूला लहानसा वायरलेस. एक इंग्रज गृहस्थ आपल्या परसात फिरत वॉकीटॉकीवर बोलत होते आणि पलीकडून ऑस्ट्रेलियातला माणूस उत्तर देत होता. मुलगा म्हणाला, "काका, हे आपल्या विहारात लावू या ना. वॉकीटॉकी ऑनलाइन मिळते. मी बघून ठेवलीय."

मागे सतरंजीवर बसलेल्या एका आजींनी लगेच विचारले, "मंग भाऊ, आपली वंदना बी तिकडं लंडनला ऐकू जाईल का?"

दोघांनाही मी त्या दिवशी "थांबा" एवढेच म्हणालो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतला आहे, त्यामुळे थोडेफार ठाऊक होते. पण दोघांना नीट उत्तर देण्याइतके नव्हते. म्हणून हा लेख.

हौशी रेडिओ, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, तो सरकारच्या परवान्याने चालतो. परवानाधारकाने परवानाधारकाशी बोलायचे, तेही ठरवून दिलेल्या लहरींवर. हातातल्या लहान वायरलेसचा पल्ला थोडा असतो. मध्ये इमारती, डोंगर आले की आवाज तुटतो. यावर लोकांनी युक्ती काढली. घरात एक छोटा संगणक ठेवायचा, त्याला रेडिओ जोडायचा, दुसऱ्या बाजूने इंटरनेट जोडायचे. तुमचा आवाज हवेतून त्या पेटीपर्यंत जातो, पेटी तो इंटरनेटवर टाकते, हजारो मैलांवरची तशीच दुसरी पेटी तो पुन्हा हवेत सोडते. या पेटीला नोड म्हणतात. रेल्वेचे जंक्शन असते ना, तसेच.

पेटीतला संगणक बहुधा रास्पबेरी पाय असतो. एकाच बोर्डावर सगळे बसविलेला हा संगणक इंग्लंडमध्ये शाळेच्या मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्यावर चालणारा ऑलस्टारलिंक हा प्रोग्रॅम ऍस्टेरिस्क नावाच्या मोफत टेलिफोन एक्स्चेंजच्या प्रोग्रॅमवर उभा आहे. त्याला रेडिओ जोडण्याचा भाग जिम डिक्सन या अमेरिकन हौशी रेडिओवाल्याने लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. विद्या झाकून ठेवण्याचे काय परिणाम होतात ते आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आजींचे उत्तर. नाही आजी, वंदना पाठविता येणार नाही. गाणी, भाषणे, जाहिरात, राजकीय वादाचे विषय, काहीच नाही. हा रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे. आपल्या मनात रेडिओ म्हटले की बाबासाहेबांचा आवाज येतो. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर तथागतांच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. ते प्रक्षेपण होते, एकाने बोलायचे आणि लाखोंनी ऐकायचे. हौशी रेडिओत दोघांनी एकमेकांशी बोलायचे असते, तेही तांत्रिक गोष्टी, हवामान, ख्यालीखुशाली एवढेच. आजींचे तोंड उतरले. "मंग त्याचा उपयोग काय?" असे त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न मला बरोबर वाटला.

उपयोग सांगण्याआधी माझाच एक अनुभव सांगतो. परवाना मिळण्याआधी मी शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या एका बैठकीला गेलो होतो. दारातच एका सद्गृहस्थांनी नाव विचारले. मी नाव सांगितले. "पूर्ण?" पूर्ण सांगितले. "म्हणजे मूळचे कुठले?" गाव सांगितले. मग चेहऱ्यावर जे यायचे ते आले, आणि चहा येईपर्यंत माझ्याशी कोणी बोलले नाही. वाचकांना यात नवे काही नाही.

सहा-सात महिन्यांनी परवाना हाती आला. भारताची सांकेतिक अक्षरे व्हीयू. मोर्सशिवायची परीक्षा देणाऱ्याला व्हीयू ३ आणि पुढे तीन अक्षरे मिळतात. त्याला कॉलसाइन म्हणतात. जगात ती दुसऱ्या कोणाची नसते. पहिल्यांदा हवेत बोललो तेव्हा पलीकडच्या माणसाने माझी कॉलसाइन लिहून घेतली, आवाज कसा येतो ते सांगितले आणि अँटेना कोणती लावली ते विचारले. नंतर आवाजावरून ओळख पटली. तेच दारातले सद्गृहस्थ होते! अर्धा तास त्यांनी मला अँटेनाची उंची कशी मोजावी ते समजावून सांगितले, अगदी आपुलकीने. माझे आडनाव त्यांच्या वहीत नव्हते. हवेत जात मिटते असे मी म्हणणार नाही. चहाच्या टेबलावर ती पुन्हा येऊन बसते. पण त्या अर्ध्या तासात मला अँटेना समजली, आणि ते शिक्षण कोणी परत घेऊ शकत नाही.

आता मुलाचे उत्तर. बाळा, ती ऑनलाइनची वॉकीटॉकी मागवू नकोस. परवाना नसताना असा संच वापरणे गुन्हा आहे. दुकानदार ती विकतो म्हणजे ती कायदेशीर, असे नाही. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. बड्या सोसायटीतल्या मुलाच्या हातात असा संच सापडला तर त्याला समज देऊन सोडतील. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या हातात सापडला तर पोलीस चौकीत रात्र कशी जाते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून परीक्षा आधी, संच मागून.

परीक्षेला वयाची बारा वर्षे पूर्ण लागतात. विषय दोन, रेडिओचे तंत्र आणि नियम. मोर्स शिकून वरच्या श्रेणीची परीक्षा देता येते, पण सुरुवातीला ती आवश्यक नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या पोर्टलवर करावयाचा असतो. फी व कागदपत्रे अर्जाच्या दिवशी तेथेच पाहून घ्यावीत. ओहमचा नियम, कपॅसिटर, लहरींची लांबी एवढे समजले की निम्मा अभ्यास झाला, आणि हे तर दहावीच्या विज्ञानाला लागूनच आहे.

तोपर्यंत मुलांनी काय करावे? आम्ही विहारातल्या लोखंडी कपाटाशेजारी नोड उभा केला, पण रेडिओ न जोडता. माझ्या परवान्यावर नोडचा क्रमांक घेतला. रेडिओच्या जागी माइक, स्पीकर आणि एक दाबबटण लावले. हवेत काहीच जात नाही, त्यामुळे मुलांना हात लावता येतो. ज्यांना पुढे रेडिओ आणि इंटरनेट दोन्ही जोडावयाचे आहेत, त्यांनी परवान्याच्या अटी वाचून परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून आधी लेखी संमती घ्यावी. तोंडी "चालतंय हो" यावर विसंबू नये. कारकुनाचे ऐका, कागद असलेला बरा.

काम तसे अवघड नाही. मेमरी कार्डावर प्रोग्रॅम चढवायचा, कार्ड पायमध्ये घालायचे, नोडचा क्रमांक व पासवर्ड भरायचा. आवाजासाठी यूएसबीचे साउंड कार्ड लागते. ते शक्यतो अशा कामासाठी तयार केलेलेच घ्यावे, कारण बटण दाबले की नाही हेही त्याच कार्डातून पायला कळावे लागते. आमचे तीन रविवार या एका वायरीत गेले. बटण दाबले तरी पेटी ढिम्म. शेवटी कळले, वायर डाखताना शेजारच्या पायाला कथिल लागले होते. आयटीआयवाल्या मुलाने ते काढले आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही फक्त वाचून दाखवा, डाग मी देतो."

दुसरा घोटाळा विजेचा. मी घरचा जुना मोबाइल चार्जर लावला. संगणक सुरू होई, पाच मिनिटांनी बंद पडे, आणि पडद्यावर पिवळी वीज चमके. विजेचा दाब कमी पडतो याची ती खूण आहे. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला पुरवठा हवा. तिसरी गोष्ट, वीज गेली की चालू संगणकातले कार्ड खराब होऊ शकते. आमचे एक झाले. तेव्हापासून पेटी नीट बंद करूनच खटका बंद करावयाचा, असा कागद कपाटावर चिकटविला आहे, आणि भरलेल्या कार्डाची एक नक्कल डबीत ठेवली आहे.

आवाजाची पातळी मात्र कान देऊन बसवावी लागते. यासाठी नोडमध्ये एक सोय आहे, तिला पॅरट म्हणजे पोपट म्हणतात. तुम्ही बोला, बटण सोडा, तुमचेच बोलणे पेटी परत ऐकविते. आवाज फाटत असेल तर पातळी खाली, पुटपुटल्यासारखा असेल तर वर. मुले पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. तिने चार वेळा ऐकले आणि म्हणाली, "मी इतकी हळू बोलते?" पाचव्या वेळी तिचा आवाज मोठा आला. पातळीला आम्ही हात लावला नव्हता.

एक गैरसमज काढून टाकतो. पुरात हा नोड कामी येईल असे कोणी म्हणाले तर मानू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत मोबाइल लागत नव्हते. कित्येक घरांत रात्रभर माणूस आहे की गेला हे कळत नव्हते. असे झाले की इंटरनेटही जाते आणि नोड नुसता डबा उरतो. तेथे थेट रेडिओच हवा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानचा संपर्क तुटल्यावर त्यांनी तेथून माणसे सुखरूप असल्याचे निरोप बाहेर पोहोचविले. इंटरनेटने नव्हे, रेडिओ आणि अँटेनाने. म्हणून नोड ही शिकण्याची पाटी समजावी. त्यावर शिकलेली मुले परवाना काढतील, आणि पुराच्या रात्री वस्तीत दोन-तीन परवानाधारक असतील. आजींना मी हाच उपयोग सांगितला. त्यांचा नातू त्या रात्री कुर्ल्याला अडकला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी नातवाच्या मुलीला बरोबर घेऊन आल्या.

आतापर्यंत तिघांनी परीक्षेचा अर्ज भरावयाचे ठरविले आहे. त्यात ती हळू बोलणारी मुलगी आहे. तिच्या वडिलांना शंका होती, मुलीच्या नावावर वायरलेस कशाला? ते पालिकेत सफाई खात्यात आहेत. मी त्यांना विहारात बोलावून पोपटासमोर बसविले. ते "जयभीम" म्हणाले, पेटीने "जयभीम" परत केला. मग म्हणाले, "भाऊ, फी किती, ते सांगा."

हवेत अक्षरे चुकू नयेत म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक शब्द ठरलेला असतो. मुलगी सध्या ते पाठ करीत आहे. परवा भांडी घासताना आईला म्हणून दाखवीत होती, "ब्राव्हो, हॉटेल, इंडिया, माइक." आईने विचारले, "हे काय गं?"

"भीम," ती म्हणाली.