निवृत्त युद्धनौकांचे करायचे काय?

सिंधुदुर्गातील निवतीजवळ ‘विराट’ या विमानवाहू नौकेचे संग्रहालय उभारण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली. सप्टेंबर २०२० मध्ये हीच नौका तोडणीसाठी अलंगला रवाना झाली. लिलावात तिचे मोल झाले ३८ कोटी ५४ लाख रुपये!

‘विक्रांत’ची कथा याहून वेगळी नव्हती. १९७१ च्या युद्धात चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले चढविणारी ही नौका जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षे तिच्यावर संग्रहालय चालले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यातील मुलांना विमानवाहू नौकेच्या धावपट्टीवर पाय ठेवण्याची संधी तेथेच होती. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकलेली ‘विक्रांत’ दारूखान्यात तोडण्यात आली.

दोन्ही वेळा भावनेची वाण नव्हती. प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. वाण होती ती वेळेवर निर्णयाची. पाण्यात उभी नौका रोज गंजते, गोदीतील जागा अडविते आणि दुरुस्तीचा खर्च वाढवीत जाते. उलट फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झालेली ‘कुरसुरा’ पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ओढून आणून २००२ मध्येच लोकांसाठी खुली झाली.

अर्थात प्रत्येक नौकेचे संग्रहालय होऊ शकत नाही. बहुतेकींच्या नशिबी तोडणीच असते. जुन्या नौकांत अॅस्बेस्टॉस असते. त्यावरून वादळ उठल्यानेच २००६ मध्ये फ्रान्सला ‘क्लेमान्सो’ ही नौका अलंगच्या वाटेवरून माघारी न्यावी लागली. तरीही जून २०२५ मध्ये अमलात आलेल्या हाँगकाँग कराराच्या कक्षेतून युद्धनौका वगळल्या आहेत. तोडणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसाला मात्र व्यापारी जहाज आणि युद्धनौका यांतला फरक कळत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाली. निवतीच्याच समुद्रात ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. त्याआधी तिच्यातील तेल व घातक द्रव्ये काढणे अनिवार्य आहे. नौका लहान, हस्तांतर सुमारे तेरा महिन्यांतच. ‘विराट’च्या वाट्याला एवढी तत्परता आली नव्हती.