किनारा निवडण्याआधी

सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, कोणत्या गावाला? मी म्हणते, समुद्राकडून आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा, गाव आपोआप सापडेल. हाताशी दोनच दिवस असले तर अलिबाग. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. कासवाची पिल्लं लाटांकडे धावताना मुलांना दाखवायची, तर मार्चच्या आसपास वेळास किंवा आंजर्ले गाठा. आजी-आजोबांना निवांतपणा लागतो; त्यांच्यासाठी गुहागर, तिथे सुरूची सावली, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि व्याडेश्वराचं देऊळ. किल्ला, ताजी मासळी आणि नदी-सागराचा संगम एकाच फेरीत हवा, तर मालवण-तारकर्ली. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग होडीनं पाहा, फक्त पावसाळ्यात ती बंद असते. गणपतीपुळ्याला दर्शन जरूर घ्या, पण पाण्यात खोल उतरू नका. तिथल्या पाण्याच्या ओढीनं अनेकांचे जीव घेतले आहेत. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून कुठल्याही किनाऱ्यावर आधी तिथल्या कोळ्याला विचारा, मगच पाण्यात पाय ठेवा.