देऊळ आणि शेजार

पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला देव बरोबर नेता येतो. देऊळ नेता येत नाही. ते परक्या नगरीत नव्याने उभारावे लागते, आणि कळस चढला की जुन्या रहिवाशांच्या मनात शंका येते : ही मंडळी आता येथलीच झाली काय? कुडव्याला लागून असलेले गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आणि भातगिरण्यांचे गाव. बाहेरून आलेल्यांचा शेजार येथे नवा नाही, आणि येथील तरुणही आता नोकरीसाठी दूरदूरच्या शहरांत जातात. त्यामुळे या शंकेच्या दोन्ही बाजू आपल्या परिचयाच्या आहेत.

मुंबईतील माटुंगा हे याचे बोलके उदाहरण होय. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची वसाहत आखली. तेथे दक्षिणेकडून आलेला कारकून व टंकलेखकांचा वर्ग स्थिरावला. १९२३ मध्ये तेथे आस्तिक समाज स्थापन झाला. त्याच्या मंदिराला लोक ‘कोच्चु गुरुवायूर’, म्हणजे धाकटे गुरुवायूर, म्हणतात. पुढे १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. आधी देऊळ आणि मागोमाग शाळा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देवळाने त्या समाजाला धीर दिला. शाळेने त्याला शहराशी जोडले.

तरीही हा समाज परका ठरविला गेलाच. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने आरंभीच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध रान उठविले. मराठी तरुणांची नोकरीबाबतची तक्रार अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण नोकरीचे भांडण कचेरीत आणि विधिमंडळात लढावयाचे असते, शेजाऱ्याच्या दारात नव्हे.

ज्या १९३२ साली माटुंग्यात ती शिक्षणसंस्था निघाली, त्याच साली लंडनमधील मराठी माणसांनी आपले महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. त्याच लंडनमधील नीस्डन येथे १९९५ मध्ये स्वामीनारायण मंदिर उभे राहिले. बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर भारतात आणून कोरला गेला आणि मग तिकडे नेऊन जोडला गेला. त्या शिखराकडे एखाद्या इंग्रज शेजाऱ्याने वाकड्या नजरेने पाहिले, तर आपण त्याला कोत्या मनाचा म्हणू. मग तोच न्याय आपल्या अंगणात का लागू नये?

मात्र न्याय एकतर्फी नसतो. देऊळ बांधणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. मूळ गुरुवायूरचे दार सर्व हिंदूंना उघडावे म्हणून केळप्पन यांना १९३१-३२ मध्ये सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. जुन्या देवळांना निदान रूढीची सबब तरी होती. नव्या नगरीत कालपरवा बांधलेल्या देवळाला तीही नाही. गावाकडची जात आणि भाषेचा अहंकार तेथे देवाबरोबर आणला गेला, तर ते देऊळ न राहता कुंपण होईल.

म्हणून स्थलांतरितांच्या देवळाचे मोल त्याच्या शिखराच्या उंचीवर ठरवू नये. त्याच्या पायरीवर शेजारचा माणूस संकोच न बाळगता चढू शकतो काय, एवढेच पाहावे; आणि तसे आमंत्रण आले, तर यजमान नगरीने ते नाकारू नये.