पेनीवरील एक बारीक अक्षर

जुन्या पेटींत तांब्याचें एखादें परदेशी नाणें सांपडलें, कीं घरांतील मंडळी प्रथम त्यावरील साल पाहतात. आणि नाणें जितकें जुनें तितकें मोल अधिक, असें धरून चालतात. ही समजूत बरोबर नाहीं. तसलीं नाणीं किती उरलीं आहेत व हातांतील नाण्याचा ठसा किती शाबूत आहे, यांवरच मोल ठरतें.

ऑस्ट्रेलियाची पेनी घ्या. पौंडाचा २४० वा भाग, एवढीच तिची दर्शनी किंमत. १९६६ सालीं तेथें दशमान चलन आलें व तिचें राज्य संपलें. परंतु १९१६ ते १९१८ या सालांच्या पेनीवर पंचम जॉर्ज बादशहांच्या मुखवट्याखालीं ‘आय’ हें बारीक इंग्रजी अक्षर दिसलें, तर ती कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडलेली होय. तेंच अक्षर १९४२ वा १९४३ सालच्या पेनीवर असेल, तर ती आपल्या मुंबईची! १९१६ सालीं कलकत्त्यास कांहीं अर्ध्या पेन्यांवर बादशहांची बाजू चुकून आपल्या पाव आण्याच्या ठशाची उमटली. तीं मोजकीं नाणीं आज संग्राहकांस अत्यंत मोलाचीं वाटतात. उलट मेलबर्नची १९३० ची पेनी खुणेवांचूनच, केवळ सालामुळें दुर्मिळ आहे. म्हणून साल व खूण दोन्ही भिंगानें पाहावीं.

आमच्या वाचकभगिनींस एकच विनंती: असें नाणें चिंचेनें घासूं नये. भांड्यास जी चकाकी शोभते, तीच नाण्याचें मोल घालविते.